डिस्क ब्रेकचे पॅड : नाशिकच्या उतारांचा आणि पावसाचा हिशेब

इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि येवल्या-चांदवडकडे त्याहूनही कमी. नाशिकचा सायकलस्वार पहाटे घरातून निघून कोणत्या दिशेला वळतो, यावरच त्याच्या ब्रेकच्या पॅडला त्या दिवशी काय सोसावे लागणार हे ठरते. पश्चिमेला त्र्यंबक, पहिने, घोटी, भावली आणि कसारा घाट. वायव्येला पेठ रस्त्यावरचे सावळ आणि कोटंबी घाट. उत्तरेला वणी, सप्तशृंगगड आणि पुढे सापुतारा. पूर्वेला आणि दक्षिणेला बहुतेक कोरडे पठार. मध्ये चांदवडजवळचा राहुड घाट किंवा सिन्नरच्या अलीकडचा मोहदरी घाट, एवढाच काय तो उतार.

इतकी विविधता एका जिल्ह्यात असूनही पॅड विकत घेताना विचारले जाते ते एवढेच, की जास्त जोरात लागणारा पॅड कोणता? घर्षण किती, हा निवडीचा एक भाग झाला. ते घर्षण तापल्यावर टिकते का, भिजल्यावर टिकते का, आणि ज्या रोटरवर ते घडते तो रोटर त्याला पुरून उरतो का, हे तीन प्रश्न त्याहून मोठे आहेत. या तिन्हींचा हिशेब मांडल्यावर माझे मत असे झाले आहे की नाशिकच्या सायकलस्वाराला उष्णतेची धास्ती गरजेपेक्षा जास्त आहे आणि पाण्याची व चिखलाची फारच कमी. पुढचे विवेचन या मताच्या पुष्टीसाठी आहे. जिथे ते लागू पडत नाही त्या जागाही दाखवतो.

हा विषय नाशिकला परका नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. तेव्हापासून शहरात लांब पल्ल्याच्या सायकली वाढल्या, आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिल्यावर त्या सायकलींवर डिस्कही सर्रास दिसू लागली. पॅडविषयीची समज मात्र त्या वेगाने वाढली नाही.

पॅड हातात घेतला तर

कॅलिपरमधून काढलेला पॅड अंगठ्याच्या नखाहून थोडाच मोठा भरतो. मागे पोलादाची, कधी अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर चिकटवलेले किंवा भाजून बसवलेले अस्तर. नव्या पॅडचे अस्तर साधारण २ मिलिमीटर जाड असते. दोन पॅडांच्या मध्ये पातळ पोलादी स्प्रिंग असते, ती ब्रेक सोडताच पॅडांना रोटरपासून दूर ठेवते. सगळ्यांना एकत्र धरणारी पिन किंवा बोल्ट आरपार जातो. पावसाळ्यात पहिन्याकडून परतलेल्या सायकलीचे पॅड काढून पाहावेत. अस्तराच्या कडेला राखाडी लगदा बसलेला असतो. बोटांवर चोळला तर तो कणीदार लागतो. कणी खडीची असते आणि लगदा बव्हंशी अस्तराचाच.

अस्तराचे मुख्य प्रकार तीन. रेझिनचा, ज्याला ऑरगॅनिकही म्हणतात, त्यात अरामिडसारखे तंतू, खनिजांची पूड आणि घर्षण सांभाळणारे पदार्थ फिनॉलिक राळेत बांधलेले असतात. मेटल किंवा सिंटर्ड पॅडमध्ये तांब्याच्या, कांस्याच्या, लोखंडाच्या भुकटीवर दाब देऊन ती न वितळवता तापवून एकजीव केलेली असते. सेमी-मेटॅलिक या दोहोंच्या मधला, म्हणजे राळेच्या बांधणीतच धातूचे तंतू आणि भुकटी अधिक. ‘सिरॅमिक’ हा शब्द पाकिटावर दिसला तर तो अस्तराबद्दल आहे की मागच्या उष्णतारोधक थराबद्दल, हे नीट वाचावे. दोन्ही अर्थांनी तो छापला जातो.

धातू आणि सेंद्रिय पदार्थ यांच्यातला हा वाद सायकलच्या डिस्कहून फार जुना आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी बर्मिंगहॅममध्ये १९०२ साली मोटारीसाठी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांचे पॅड तांब्याचे होते. ते धातूवर धातू घासून किंचाळत आणि लवकर झिजत. दुसरीकडे डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून गाड्यांच्या ब्रेकसाठी तंतुमय पदार्थांचे ठोकळे बनवायला घेतले होते. मऊ, शांत आणि हाताच्या ऐकण्यातले अस्तर हवे की कठीण, गोंगाट करणारे पण टिकाऊ, हा प्रश्न तेव्हाचाच. सेंद्रिय अस्तरांत वापरले जाणारे अॅस्बेस्टॉस पुढे गेले, प्रश्न राहिला.

दाबाचा हिशेब

सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरू. गुरुत्वाच्या निम्म्या मंदनाने थांबायचे, म्हणजे कडक ब्रेक, तर टायर आणि रस्ता यांच्यात सुमारे ४४० न्यूटन बल लागते. चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर, आणि १६० मिलिमीटरच्या रोटरवर पॅड जिथे घासतो ती त्रिज्या सुमारे ७.२ सेंटिमीटर. एवढ्या छोट्या भुजेवरून तेवढाच पीळ देण्यासाठी रोटरवर जवळजवळ २०८० न्यूटन घर्षण लागते. दोन पॅड, घर्षणांक ०.४ धरला, तर प्रत्येक पॅडने सुमारे २६०० न्यूटनने दाबले पाहिजे. हे २६५ किलो वजनाच्या भाराइतके झाले. हा सगळा भार बोटांच्या दोन पेरांनी, तरफ आणि तेलाच्या मदतीने उभा करायचा असतो.

आता घर्षणांक पाण्यामुळे ०.४ वरून ०.३ वर आला असे धरा. तोच ब्रेक लागण्यासाठी पॅडवर ३४७० न्यूटन लागतील, म्हणजे बोटांनी एक तृतीयांश अधिक जोर द्यायचा. तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये ते जमून जाते. केबलवर चालणाऱ्या साध्या डिस्कमध्ये, जी आपल्याकडच्या बहुसंख्य गिअरच्या सायकलींवर असते, तिथे केबलच्या आवरणातले घर्षण आणि तारेचा ताण हेही वाट्याला येतात; दिवसभराच्या राइडनंतर थकलेल्या हाताला तो एक तृतीयांश फरक चांगलाच जाणवतो. रोटर १८० मिलिमीटरचा केला तर लागणारा दाब सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. पॅड बदलून हाती काही लागत नसेल, तर अनेकदा खरा उपाय हाच असतो, अर्थात फ्रेम आणि फोर्क तेवढ्या रोटरला परवानगी देत असतील तर.

घर्षणांक वाढवत नेला म्हणजे ब्रेक तेवढा चांगला होत गेला, असे मात्र नाही. गुरुत्वाच्या सुमारे ०.६ पट मंदनाच्या पुढे मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलवरून पुढे जाऊ लागतो. ओल्या डांबरावर तर टायरची पकड त्याच्याही आधी सुटते. म्हणून उत्तम पॅडची खूण म्हणजे बोटाने जेवढे मागितले तेवढेच देणे, पहिल्या फेरीत आणि शंभराव्या फेरीतही. रेझिनचा कोरडा पॅड या कसोटीवर फार चांगला उतरतो, आणि शहरात, गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला फिरणाऱ्याने त्याच्यापलीकडे पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

पुढच्या पॅडकडे अधिक लक्ष द्यावे, हेही याच हिशेबातून निघते. गुरुत्वाच्या निम्म्या मंदनाला मागच्या चाकावर फारच थोडा भार उरतो. थांबवण्याचे काम जवळजवळ सगळे पुढचे चाक करते. मागचा पॅड तरीही लवकर झिजलेला सापडतो, कारण मागच्या कॅलिपरवर दोन्ही चाकांचा चिखल उडतो आणि घाटात घाबरलेला हात मागचाच ब्रेक धरून ठेवतो.

उष्णता : जिथे भीती खरी आहे आणि जिथे नाही

घाट उतरताना उंचीची सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरमध्ये, उरलेली रोटर आणि पॅडमध्ये. १८६५ साली सुरू झालेला थळ घाटाचा रेल्वेमार्ग कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत ९७२ फूट चढतो, चढ ३७ फुटांना १ फूट. सडकही जवळपास तेवढीच उंची चढते, म्हणजे उतरणाऱ्याच्या वाट्याला सुमारे ३०० मीटर येतात. ९० किलोंसाठी ही ऊर्जा २६५ किलोज्यूल होते.

आकडा मोठा वाटतो. पण सडकेचा उतार सरासरी ४ टक्के धरला आणि ताशी २५ किलोमीटर वेग राखला, तर हवा आणि टायर मिळून अर्ध्याहून थोडी अधिक ऊर्जा गिळतात. दोन्ही ब्रेकच्या वाट्याला मिळून सुमारे १२० वॅट येतात, एका रोटरला सरासरी ६०. वाहत्या हवेत फिरणारा रोटर एवढी उष्णता सहज टाकून देतो. कसारा घाटात रेझिनचा पॅड तापून फसेल, ही भीती या हिशेबात टिकत नाही. तिथले धोके वेगळे आहेत : ट्रकांची रांग, धुके, आणि ओला रोटर.

आता उतार ८ टक्के करा, वेग तोच ठेवा. ब्रेकच्या वाट्याला १२० ऐवजी सुमारे ३६० वॅट येतात. उतार दुप्पट झाला तर उष्णता तिप्पट झाली, कारण हवेचा विरोध जेवढ्यास तेवढाच राहिला आणि वाढलेले सगळे ओझे ब्रेकवर पडले. पाठीमागे कॅरिअरवर सामान बांधून एकूण वजन ११० किलो झाले, तर हाच आकडा ४६० वॅटच्या घरात जातो. १६० मिलिमीटरचा रोटर साधारण १२० ग्रॅमचा असतो आणि त्याला १ अंशाने तापवायला ५५ ज्यूल पुरतात. हवेने थंड होणे क्षणभर बाजूला ठेवले, तर १८० वॅट त्याला सेकंदाला ३ अंशांहून अधिक वेगाने तापवतात. उतार लांबला की रोटर दोनशे अंशांच्या पुढे जायला वेळ लागत नाही. सप्तशृंगगडावरून नांदुरीकडे उतरणारा सुमारे १० किलोमीटरचा घाट, किंवा इतर घाटांतली आखूड पण खडी वळणे, या जागी उष्णतेचा प्रश्न खरा आहे.

रेझिनच्या पॅडमधली फिनॉलिक राळ तीनशे अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते. त्यातून निघालेला वायू पॅड आणि रोटर यांच्यामध्ये पातळ थर करतो आणि लिव्हर घट्ट असूनही सायकल थांबत नाही. यालाच ब्रेक ‘फेड’ होणे म्हणतात. थंड झाल्यावर ब्रेक परत येतो, पण अस्तराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो आणि पुढे तो किंचाळतो. सिंटर्ड पॅडला ही अडचण जवळजवळ नाही.

मात्र सिंटर्ड पॅड स्वतः टिकतो तो उष्णता पुढे ढकलून. धातूची बांधणी उष्णतेची चांगली वाहक असल्याने ती पट्टीतून पिस्टनकडे आणि तिथून तेलाकडे जाते. शिमानो आणि टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट द्रव. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २६० अंश असावा लागतो, पण हा द्रव हवेतली आर्द्रता शोषत जातो आणि पाणी मिसळल्यावर ती किमान मर्यादा १८० अंशांवर येते. घोटी-इगतपुरीच्या हवेत दोन पावसाळे काढलेला जुना डॉट द्रव आणि त्यावर नवे सिंटर्ड पॅड, ही जोडी लांब उतारावर रेझिनहून सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. द्रव आधी बदलावा. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट किंवा उलट कधीही घालू नये. आतली सीले फुगून निकामी होतात.

उतरण्याच्या पद्धतीतूनही बरेच साधते, आणि ते फुकट आहे. ८ टक्के उतारावर आपल्या ९० किलोंच्या स्वाराचा हिशेब काढला तर ब्रेकमध्ये दर सेकंदाला सर्वाधिक उष्णता जाते ती ताशी ३५ किलोमीटरच्या सुमारास. त्याहून सावकाश गेले तर उंची सावकाश गमावली जाते. त्याहून वेगात हवा जास्त काम करते. घाटात वळणे वेग ठरवतात, गणित नव्हे. पण सरळ तुकड्यावर ब्रेक सोडून हवेला काम करू द्यावे आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम, ठामपणे लावून वेग उतरवावा. सतत हलका ब्रेक धरून ठेवणे हा पॅड तापवण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग आहे. गडावरून उतरताना दोन ठिकाणी थांबून दृश्य पाहिले तरी रोटरचे भले होते. तेव्हा त्याला बोट मात्र लावू नये, कातडी भाजते.

पाणी आणि चिखल

इथे माझे म्हणणे ठाम आहे. जून ते सप्टेंबर, पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, रेझिनचा पॅड नाशिककरांना सर्वात जास्त दगा देतो तो इथे, आणि देतो तो दोन प्रकारांनी.

पहिला प्रकार क्षणाचा. ओल्या रोटरवरचा पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत ब्रेक लागत नाही. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, दोन-तीन फेऱ्या पुसण्यात गेल्या तरी ४ ते ६ मीटर अंतर कापले गेले. सिंटर्ड पॅडचा खरखरीत, कठीण पृष्ठभाग हा थर लवकर मोडतो. रेझिनला वेळ लागतो. म्हणून पावसात दर काही मिनिटांनी, गरज नसतानाही, ब्रेक किंचित लावून रोटर पुसून घेण्याची सवय लावावी. पॅड कोणताही असो.

दुसरा प्रकार तासांचा, आणि जास्त घातक, कारण तो कळत नाही. आपला सगळा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा. रस्त्याच्या कडेची खडी, बांधकामाची क्रश सँड, शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांना लागून डांबरावर आलेला चिखल, सगळे त्याच खडकाचे. बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे मोह्सच्या कठीणतेच्या मापावर ६ च्या आसपास येतात. पाण्यात कालवलेली ही कणी पॅड आणि रोटरमध्ये शिरली की पॉलिश पेपरचे काम करते. राळेत बांधलेले अस्तर त्यापुढे टिकत नाही. कोरड्या हंगामात महिनोन्महिने चालणारा रेझिन पॅड चिखलाच्या एकाच लांब दिवसात अर्ध्याहून अधिक संपू शकतो, आणि घोटीहून निघताना बरा असलेला ब्रेक नाशिकला पोचेपर्यंत पत्र्यावर घासू लागतो. पत्रा रोटरवर घासल्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. पण तोवर रोटरवर चरे पडलेले असतात.

तेलाच्या ब्रेकमध्ये पिस्टन झिजेच्या मागोमाग पुढे सरकत राहतात, त्यामुळे लिव्हर शेवटपर्यंत बरा लागतो आणि झीज लपते. केबलच्या डिस्कमध्ये उलट होते : लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागतो आणि स्वाराला निदान इशारा मिळतो. पण त्यातल्या बहुतेक कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. केबल ताणत राहिले आणि स्थिर पॅड स्क्रूने आत घेतला नाही, तर रोटर एका बाजूला वाकत राहतो आणि पॅड तिरका झिजतो. असा पाचरीसारखा झिजलेला पॅड जाड बाजूने पाहून ‘अजून आहे’ असे ठरवू नये.

म्हणून पश्चिमेकडे नियमाने जाणाऱ्याने जूनच्या आधी पुढे सिंटर्ड किंवा किमान सेमी-मेटॅलिक पॅड घालावा. मागे रेझिन ठेवला तरी चालेल, पण झीज दर राइडनंतर पाहावी. पुढे-मागे वेगळे पॅड घालण्यात काहीही चूक नाही; चूक होते ती एकाच कॅलिपरमध्ये दोन बाजूंना दोन प्रकार घालण्यात. सिंटर्ड पॅड ओला असताना ओरडतो आणि थंड असताना पहिला चावा थोडा कमी घेतो. हे दोन्ही मी मुकाट्याने सोसायला तयार आहे.

आषाढात नाशिकहून पंढरपूरला जाणाऱ्या सायकल वारीचे गणित वेगळे आहे. वाट पठाराची, दिवसाचा पल्ला मोठा, पाऊस नुकता सुरू झालेला, आणि सोबत शेकडो सायकली. इथे ब्रेक कमी लागतात पण अचानक लागतात, पुढचा कधी थांबेल सांगता येत नाही. हलक्या हाताला लगेच आणि मोजून प्रतिसाद देणारा रेझिन पॅडच या वारीला योग्य. फक्त तो निघायच्या आदल्या रात्री बसवू नये, आणि खिशात एक जोडी जादा असावी.

रोटर आधी वाचावा

एवढे सगळे पटले तरी पॅड विकत घेण्याआधी रोटरवर काय कोरले आहे ते पाहावे. शिमानोच्या स्वस्त रोटरवर, आरटी-२६, आरटी-३०, आरटी-५४, आरटी-५६ अशा क्रमांकांवर, फक्त रेझिन पॅड वापरावा अशी सूचना इंग्रजीत लिहिलेली असते. त्यांचे पोलाद सिंटर्ड पॅडसाठी पुरेसे कठीण केलेले नसते. सिंटर्ड पॅड त्यांना काही महिन्यांत पातळ करतो. आरटी-६६ सारखे रोटर दोन्ही पॅडांसाठी आहेत. दुकानात आलेली नवी, मधल्या किमतीची सायकल बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या रोटरवर उभी असते. तिच्यावर सिंटर्ड पॅड हवा असेल तर आधी पुढचा रोटर बदलावा. तो खर्च पॅडच्या खर्चातच धरावा, नाहीतर निवड अपुरी राहते.

शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ वर आला की बदलायचा असतो. पॅडचे अस्तर ०.५ मिलिमीटर उरले की पॅड संपला. स्रॅम पट्टी आणि अस्तर मिळून ३ मिलिमीटर ही मर्यादा सांगते. मोजायला व्हर्निअर उत्तम. तो नसेल तर कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून समोरून टॉर्च मारावा, अस्तराची रेघ स्पष्ट दिसते. घाटाच्या राइडसाठी मी ०.५ ची वाट पाहत नाही. १ मिलिमीटरच्या खाली गेलेला पॅड शहरातल्या फेऱ्यांना ठेवतो.

आकाराबद्दल थोडक्यात. पॅडचे आकार शेकडो आहेत आणि नुसत्या नजरेने जुळवले तर फसगत होते. जुन्या पॅडच्या पट्टीवरचा क्रमांक किंवा कॅलिपरवरचा मॉडेल क्रमांक लिहून न्यावा. शिमानोच्या साध्या ब्रेकचा बी-०१एस, बी-०३एस आणि बी-०५एस हा एकाच आकाराचा वंश आहे आणि एकाच्या जागी दुसरा बसतो. असे सर्वत्र नसते. स्वस्त केबल डिस्कमध्ये गोल पॅडही असतात, त्यांचा व्यास मोजूनच घ्यावा. पॅडबरोबर नवी स्प्रिंग येते. जुनी वाकडी स्प्रिंग परत वापरली तर ती रोटरला घासते आणि दोष पॅडच्या माथी येतो.

बसवल्यानंतर

नवा पॅड आपली पूर्ण ताकद पहिल्या दिवशी देत नाही. अस्तराचा अत्यंत पातळ थर रोटरवर समान पसरावा लागतो; पुढचे घर्षण मुख्यतः त्या थरावर होते. गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर पहाटे रहदारी नसताना ताशी २० किलोमीटर वेग घ्यावा, ठाम ब्रेक लावून चालण्याच्या वेगापर्यंत यावे, पूर्ण थांबू नये, आणि हे वीसेक वेळा करावे. मग वेग ताशी ३० पर्यंत नेऊन दहा वेळा. पूर्ण थांबलो तर गरम पॅडचा ठसा एका जागी उमटतो आणि पुढे प्रत्येक फेरीला लिव्हरमध्ये धक्का जाणवतो.

तेल हा पॅडचा खरा शत्रू. चेनवर मारलेला स्प्रे, पॉलिशने चकचकीत केलेली फ्रेम, रस्त्यावर सांडलेले डिझेल, यांपैकी काहीही रोटरवर आले की रेझिनचा पॅड ते शोषतो. एका ठिकाणी धुवायला दिलेली सायकल चाकांसकट सिलिकॉनच्या स्प्रेने चमकवून मला परत मिळाली होती, आणि नवे पॅड त्याच दिवशी टाकून द्यावे लागले. असे पॅड गॅसवर भाजून वाचवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. वरचे तेल जळते, खोलवरचे उरते. आणि त्या आचेने राळ व चिकटवलेला सांधा दोन्ही कमजोर होतात. सिंटर्ड पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पॉलिश पेपरवर सपाट घासून कधीकधी वाचतो. रेझिनचा वाचवू नये. चेनला तेल घालताना ड्रॉपरने थेंबाथेंबाने घालावे आणि मागच्या रोटरवर जुना कपडा टाकावा, एवढ्याने बहुतेक किंचाळणारे ब्रेक मुळातच गप्प राहतात.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, पुढचा सिंटर्ड पॅड काढून पुन्हा रेझिन घालायचा असेल तर रोटरवर आधीच्या धातूचा थर तसाच असतो. नवा रेझिन त्यावर नीट बसत नाही, ब्रेक कधी घसरतो, कधी ओरडतो. मध्यम दाण्याच्या पॉलिश पेपरने रोटरच्या दोन्ही बाजू गोल फिरवत हलकेच घासाव्यात, अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसाव्यात, कापड काळे येणे थांबेपर्यंत, आणि पॅड पुन्हा पहिल्यापासून बसवून घ्यावा. काढलेला सिंटर्ड पॅड संपलेला नसेल तर डावा-उजवा अशी खूण करून, कोरड्या पिशवीत बांधून, पुढच्या जूनसाठी ठेवता येतो.